न लिवलेल्या पुस्तकाचे गिऱ्हाईक

तं मंग गिऱ्हाईक पहिले आन पुस्तक मागून, हेच तुमचं शेवटचं म्हणणं ना भाऊजी? मी तेव्हाही म्हटलं होतं आन आताही म्हणतो, हे उलटं हाय. सैपाक झाल्यावर माणसं जेवाले बसतात. आधी पंगत बसवून, एकेकाले "तू जेवशील काय" असं विचारून मंग कोणी चूल पेटवत नाई. यावर तुमी काय म्हटलं ते मले अजून पाठ हाय. मागच्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर तुमचं पुस्तकाचं दुकान लागलं होतं, समोर दहा गिऱ्हाईक उभे होते, आन तुमी सगळ्यायच्या देखत म्हटलं, "देवाजी, पंगत बसाच्या आधी पत्रिका वाटाव्या लागते, आन त्या पत्रिका मीच छापतो." गिऱ्हाईक हासले. बाई पण हासली. (बाईनं हासाले नोको होतं. सख्खी बहीण हाय ती, तिनं माह्या बाजूनं बसाले पाह्यजे होतं, पण ती तुमच्याच गठ्ठ्यावर बसली होती. उठाले जागा नव्हती, हे मी मानतो.)

असो. हे भांडण संपणारं नाई, म्हणून मधातच थांबवून रीत पुरी करतो. तुमाले आन कांताबाईले या बांबूच्या जंगलातून जय भीम. बाईचा गुडघा कसा हाय? पायानं चालवाची छपाईची मशीन तिले चालवू देऊ नोका. तुमी म्हणान ती आइकत नाई, पण मशीनवर तुमीच पाय ठेवून बसले तं ती काय करन? माही तब्येत चांगली हाय. ताप येऊन गेला. दाढ दुखत होती, पण ट्रक ड्रायव्हर पोचूनं ती पान्यानं काढून देतो म्हटलं तवापासून दुखाची बंद झाली. पायाले खाज हाय. बाकी निरोगी हाय. तुमचं पत्र भेटलं, पण पोचूनं ते ग्रीसच्या डब्यापाशी ठेवलं होतं, त्याच्यानं खालचा एक कोपरा वाचता नाई आला. त्या कोपऱ्यात तुमी माह्याबद्दल काई चांगलं लिवलं असन तं परत लिवा, कारण वरच्या भागात तसं काई सापडलं नाई.

आता तुमची अट मी इथी लिवून ठेवतो, म्हणजे मागून बदलता येणार नाई. पुस्तक लिवाच्या आधी, ते कशाचं हाय एवढं सांगून दहा माणसायले विचाराचं. दहा जण "घेतो" म्हणाले तं तुमी पदरचा कागद लावून छापणार, आन मी जंगल सोडून चंद्रपूरले येणार, तुमच्या प्रेसात खिळे जुळवाले शिकणार, बाईच्या हातचं जेवणार. दहा नाई भेटले तं पुस्तकाचं नाव काढाचं नाई आन पुढचा हंगामही बांबूतच काढाचा. दुकानात दोघायचं भागत नाई, पुस्तक असन तं तिघायचं भागन, असा तुमचा हिशेब. त्या गाण्याच्या पार्टीवाल्यानं तुमच्याकडून चोपड्या छापून घेतल्या आन परत तोंड नाई दाखवलं, तेव्हापासून तुमी पोळलेले हा, हे मले समजते. बाजेखाली ते गठ्ठे अजून हायेत ना? बाज येवढी उंच झाली हाय की बाई झोपेत पडली तं गुडघ्याचं काम संपलंच समजा.

पुस्तकाचं नाव 'परमुलुखात एकट्या माणसानं कसं राहावं' असं ठरलं हाय. इथी कटाईच्या कॅम्पात मी मुन्शी हाय, म्हणजे दिवसभर बांबूचे बंडल मोजाचे आन आकडा लिवाचा. सहावीपर्यंत गेलो म्हणून सगळे मले मास्तर म्हणतात. (सहावी पास झालो की नाई हे कोणी विचारत नाई, आन मी बी सांगत नाई.) दिवस बरा जाते. पण काम संपलं की जो तो आपापल्या झोपडीत आन आपापल्या भाषेत जाते, कोणी माडियात, कोणी तेलंगीत, आन मी माह्या झोपडीत बसून माह्याच हाताकडं पाहत राह्यतो. त्यातूनच एकेक उपाय सुचत गेला. नमुना म्हणून काई देतो. एकट्या माणसानं आरसा लहान घ्यावा, मोठ्या आरशात मागची रिकामी झोपडी पण दिसते. जेवताना पाठ कुडाले टेकवून बसावं, कोणी मागून धरल्यावाणी वाटते. बाजारात गेलं तं घ्याचं नसलं तरी वांग्याचा भाव विचारावा, भाव विचारला की समोरचा माणूस आपल्याशी बोलते. पत्र आलं तं एकदम फोडू नये, पहिल्या दिवशी फक्त वरचा पत्ता वाचावा. आन सगळ्यात कामाचा उपाय हा की, चालता चालता आपल्याशीच बोलाची सवय लागली असन तं हातात एक दोर धरावा, म्हणजे पाहणाऱ्याले वाटते याचा बैल हरवला हाय, त्यालेच शिव्या देऊन राह्यला.

सांगा भाऊजी, परमुलुखात राहणाऱ्या कोणत्या माणसाले हे नोको होईन? म्हणून मी मोठ्या हिमतीनं विचाराले निघालो.

पहिली धरली बायनाबाई. ही आमच्या कॅम्पात रांधते, मूल गावाकडची हाय, वयानं आपल्या आईयेवढी, आन मले बाबू म्हणते. तिले म्हटलं, बाई, एकट्या माणसानं भात करपू न देता कसा शिजवावा याच्यावर मी पुस्तकात एक भाग लिवणार हाय. तिनं हातातला सराटा खाली ठेवला. "काऊन बाबू, माहा भात करपते?" म्हटलं, तसं नाई बाई, हे पुस्तक हाय. "पुस्तकात करपते म्हणून छापशीन? चांदापर्यंत माही बदनामी करशीन?" (चंद्रपूरले ती अजून चांदाच म्हणते.) त्याच्यानंतर माह्या ताटात जो भात येत गेला, तो मुद्दाम पातळ, इतका की माशीले बी पोहता आलं असतं. भाताचा भाग मी काढून टाकला, तिले तसं सांगतलं, तेव्हा कुठी ताट सुधरलं. घेणार काय म्हणून विचाराची हिंमत त्यानंतर झाली नाई. तरी मी तिले "घेणार" मधेच धरलं, कारण तिनं नाई असं म्हटलं नव्हतं.

मंग नानाजी. हा आमच्या भागातला नाकेदार, म्हणजे जंगल खात्याचा शिपाई समजा. त्यानं सगळं आइकून घेतलं, टोपी काढली, टोपीत पायलं आन म्हणे, "सरकारी माणसाले पुस्तक इकत घ्यावं लागते काय?" म्हटलं, तुमाले एक फुकट देतो, पण कामाचं वाटते काय ते सांगा. "मले कायले लागते? मी काई एकटा नाई. गोंडपिपरीले माही बायको हाय, तीन लेकरं हायेत, म्हातारा हाय, दोन म्हशी हायेत." एवढं सांगून तो उठला नाई. म्हशीयची नावं सांगतली. कोणती दूध देते आन कोणती लाथ देते ते सांगतलं. धाकट्या लेकीनं मागच्या वेळेस त्याले ओळखलंच नाई, रडत आईच्या मागं लपली, हे हासत हासत सांगतलं. अंधार पडला, बायनाबाईनं दोनदा जेवाले हाक मारली, तरी नानाजी आपला बसूनच. जाताना म्हणे, "बह्याड हायेस तू मास्तर, असं पुस्तक कोणी घेते काय." आन दोराचा तो उपाय परत एकदा नीट विचारून गेला.

पोचूचं वेगळं. तो सिरोंच्याकडचा, त्याची मराठी अर्धी तेलंगीत भिजलेली. त्याले कोणतीही गोष्ट सांगा, "बागुंदी, बागुंदी" म्हणते, म्हणजे छान हाय, छान हाय. मी खूश झालो. मंग तो विचारते, "वर फोटो कोणाचा?" म्हटलं, कोणाचाच नाई. "मंग ट्रकात लावू कसा?" म्हटलं, लावाचं नाई, वाचाचं. "वाचाले येत नाई ना." थोडा विचार करून म्हणे, "बरं, त्या एकट्या माणसाची बायको कुठी गेली?" म्हटलं, त्याची बायको नाईच. "मंग पुस्तकात लगन होते?" नाई. "भांडण?" नाई. "मंग तो घरी काऊन नाई जात?" मी त्याले म्हटलं, तू टायरात हवा पाय.

अशानं दहा कसे होणार? मंग मले सुचलं की नुसतं विचारण्यात काई अर्थ नाई, थोडं वाचून दाखवावं. बाजाराच्या दिवशी सगळ्यायचं मन बरं असते. त्या संध्याकाळी शेकोटीपाशी मी चार कागद घेऊन बसलो. बायनाबाई होती, नानाजी "इकडूनच चाललो होतो" म्हणत आला, पोचू ट्रकाखालून निघाला, आन जंगू आला, त्याच्यामागं त्याच्यासंगं बांबू तोडणारे बाकीचे माडिया माणसं. जंगू हा जवान गडी, कटाईत सगळ्यायच्या पुढं, माह्याकडं पाहून नेहमी हासते, पण आमचं बोलणं आजवर बंडलाच्या आकड्याच्या पुढं कधी गेलं नाई. मी घसा साफ केला आन आरशापासून सुरू केलं. पहिलं वाक्य संपलं तशी जंगूनं मान हलवली आन मोठ्यानं म्हटलं, "हूं."

भाऊजी, माह्या अंगावर काटा आला. दुसरं वाक्य वाचलं, "हूं." आता बाकीचेही म्हणाले. कुडाले पाठ टेकवाचा उपाय वाचला, सगळी शेकोटी "हूं." बायनाबाई म्हणे "हूं", नानाजी म्हणे "हूं", पोचू "बागुंदी" सोडून "हूं" वर आला. मी वाचता वाचता हळूच मोजत होतो. दहाच्या वर होते! आता तुमी म्हणान, गोष्ट सांगणाऱ्याले आइकणारा हुंकार देते, हे तुले माहीत नाई काय, आई सांगत होती तेव्हा बाई आन तू देतच होते ना. ते मले माहीत हाय. पण ते राजाराणीच्या गोष्टीले, भुताच्या गोष्टीले. मी तं उपाय वाचून राह्यलो होतो. आरसा लहान घ्यावा, याच्यावर माणूस "हूं" म्हणते तं त्याचा अर्थ पटलं असाच होते, दुसरा काय होईन? कोर्टात नेलं असतं तरी मी हेच सांगतलं असतं.

त्याच आनंदात मी एक काम करून बसलो. ठेकेदाराचा माणूस मजुरी वाटाले आला होता, त्याले मी म्हटलं, "पुढच्या वर्साले दुसरा मुन्शी पाहा. मी पुस्तकाच्या लाइनीत चाललो." तो म्हणे, "कोणत्या लाइनीत?" मी म्हटलं, समजन तुमाले. अशा झोकात म्हटलं की मलेच मागून दोन दिवस बरं वाटत होतं.

मंग नावं पक्की कराले निघालो. पहिले जंगूकडं गेलो, कारण पहिला "हूं" त्याचा. म्हटलं, "जंगू, पुस्तक घेशीन ना?" तो म्हणे, "हूं." "छापून झालं की पैसे देशीन?" "हूं." तेवढ्यात माह्या मनात काय आलं कोणास ठाऊक, मी म्हटलं, "की घेणार नाईस?" "हूं." म्हटलं, "जंगू, पोचूच्या ट्रकाले चार शिंगं हायेत ना?" जंगू तितक्याच मनापासून म्हणे, "हूं."

मागं बायनाबाई पाणी भरत होती, ती पाण्याचा गुंड खाली ठेवून हासाले बसली. "अरे बाबू, त्याले तुही भाषा कुठी समजते? तू सांगून राह्यला म्हणून तो हूं म्हणून राह्यला. सांगणाऱ्याले मधात एकटं सोडाचं नाई, त्यायच्याकडं तशीच रीत हाय, आपल्याकडं बी होती." म्हटलं, मंग तू काऊन म्हणत होतीस? "तुह्या तोंडाकडं पाहून." नानाजीले विचारलं. तो म्हणे, "मले झोप येऊन राह्यली होती, तोंड चालू ठेवलं की माणूस पडत नाई." पोचू म्हणे, सगळे म्हणत होते, मी एकटाच काऊन गप्प राहू?

तं असे माहे गिऱ्हाईक. पण भाऊजी, खरी गंमत पुढंच हाय. मी कागद गुंडाळून ठेवले, आन दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर जंगू येऊन शेकोटीपाशी बसला. मंग बाकीचे आले. बायनाबाई म्हणे, "बाबू, त्या दिवशी कुठवर आलं होतं?" म्हटलं, उपाय संपले. "उपाय नोको, त्या माणसाचं सांग." आता त्या माणसाचं काय सांगू? तो मीच, आन माह्यात सांगाजोगं काई नाई. तं त्यायनीच त्याले नाव देल्लं, सोमाजी. पोचूनं हट्टच धरला, म्हणून त्याचं लगन ठरलं. हातात दोर असला तं बैल खराच हरवलेला पाह्यजे, असं नानाजीचं म्हणणं पडलं, म्हणून बैल हरवला. तो बैल पाहत पाहत सोमाजी जंगलात निघाला. मी मराठीत सांगत होतो, बायनाबाई जमन तसं तोडक्यामोडक्या माडियात जंगूले सांगत होती, आन ती इतकं वाढवून सांगत होती की माह्या बैलाले तिकडं दोन बायका झाल्या असं मले मागून समजलं. रोज जमत होते. कागदाची कोणाले गरज नव्हती. थांबलो की अंधारातून "हूं" येत होतं आन मले पुढचं सुचत होतं. इथी आल्यापासून माह्या बोलण्याची कोणी वाट पाहत होतं, असं पहिल्यांदा झालं.

मंग तेंदूपत्त्याचे दिवस आले. बांबूची कटाई थांबली. जंगू आन त्याचे लोक पत्ता तोडाले आपल्या गावाकडं गेले, बायनाबाई लेकीच्या बाळंतपणाले मूलले गेली, नानाजीची ड्यूटी दुसऱ्या नाक्यावर लागली. पोचू आठवड्यातून एकदा ट्रक भरून आलापल्लीले नेते आन लगेच परत फिरते. मले ठेवलं हाय उरलेल्या बांबूच्या ढिगाची राखण कराले. भात मीच रांधतो, आन करपते. बायनाबाईले हे कोणाहातून कळवू नोका.

बाकी सगळं खुशाल. काई काळजी करू नोका. बाईले जय भीम, आन गुडघ्याचं खरं काय ते कळवा.

तुमचा साळा,
देवाजी
मु. बांबू कटाई कॅम्प, आलापल्लीच्या पुढं
मे १९८४

ता.क. अटीचा निकाल लिवाचा राह्यला. दहापैकी पक्का गिऱ्हाईक एकही नाई. बायनाबाई जाताना म्हणे, एखादं जाड पुस्तक असन तं दे, माह्या कोठीचा एक पाय आखूड हाय. तुमी जिंकले. मी ठेकेदाराच्या माणसाले जाऊन सांगतलं की पुढचा हंगाम मी इथीच हाय. तो म्हणे, "मी तुहं बोलणं कोणाले सांगतलंच नव्हतं. उन्हाळा लागला की सगळेच लाइन बदलाची म्हणतात." पुस्तकाचं नाव आता मी काढणार नाई.

ता.क. दुसरा. पुस्तकाचं नाव काढत नाई, पण सोमाजीचं सांगावं लागते. तो दोर धरून अजून जंगलातच उभा हाय. बैल भेटला नाई, लगन राह्यलं, आन पोचूनं विचारलं होतं तेच तो मले विचारते की मी घरी काऊन नाई जात. मी लिवाले बसतो. एक वाक्य लिवतो आन मान वर करून पाहतो. समोर कोणी नसते. दुसरं वाक्य येत नाई. ढिगासमोर मोठ्यानं सांगून पायलं, पण बांबू फक्त दुपारी उन्हानं तडकते, तेही मधातच, वाक्य संपाच्या आधी.

म्हणून म्हणतो भाऊजी, लग्नाच्या पत्रिकायचं काम आता उरकलंच असन. पाणी लागलं की इकडचा रस्ता बंद होते. त्याच्या आधी तुमी दोघं चार दिवस इकडं या. तुमाले काई घ्याचं नाई, छापाचं नाई, पटलं असंही म्हणाचं नाई. आलापल्लीले एसटीतून उतरा, पुढं पोचू आणून सोडन, बाईले खिडकीजोळ बसवाले मी त्याले सांगून ठेवलं हाय. झोपडी मी सारवून घेतली हाय. बाईचा गुडघा पाहता बाज बुटकीच बांधली.

ता.क. तिसरा. प्रेस बंद ठेवणं परवडत नाई, भाडं परवडत नाई, असं तुमी लिवणार हे मले माहीत हाय, म्हणून आधीच आलापल्लीच्या पोस्टातून पोचूच्या हातानं मनीऑर्डर केली. चांगल्या कागदाचं कव्हर कराचं म्हणून हे पैसे बाजूले ठेवले होते, आता त्यायचं दुसरं काम नाई. तुमी दोघं, चंद्रपूर ते आलापल्ली, येणं आन जाणं, वाटेत बाईचा चहा धरून: साठ रुपये.